सौरवादळांचा अभ्यास : नोकरी कुठे, वाट किती लांब?

3 फेब्रुवारी 2022 रोजी स्टारलिंकचे 49 उपग्रह अवकाशात सोडले गेले. त्याच सुमारास सूर्याकडून आलेलं एक वादळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळलं. वादळ सौम्य होतं. पण त्यामुळे वरच्या थरांतली हवा तापून फुगली आणि सुमारे 210 किलोमीटर उंचीवर तिचा अडथळा एकदम वाढला. जवळजवळ चाळीस उपग्रह खाली येऊन जळून गेले. ‘सूर्याचा अभ्यास करून पोट भरतं का?’ असं विचारणाऱ्या पालकांनी आधी या नुकसानीचा हिशेब करावा. उपग्रह चालवणारे, विमानांना वाट दाखवणारे, वीजजाळं सांभाळणारे, सगळ्यांनाच अशा वादळाची आगाऊ सूचना हवी असते.

भारताला तर स्वतःची माणसं लागतातच. चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथल्या आयनांबरातले, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरातले, विद्युतभारित कण वर उचलले जातात आणि उत्तरेला, गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात येऊन साठतात. त्यातून जाताना जीपीएसचे संदेश रेंगाळतात, सूर्यास्तानंतर कधी तुटतातही. युरोप-अमेरिकेवरच्या आकाशासाठी बेतलेली सूत्रं इथे पुरत नाहीत. म्हणून विमानांसाठीच्या ‘गगन’ यंत्रणेला वेगळं प्रारूप तयार करावं लागलं.

या विद्येचं एक जुनं घर महाराष्ट्रात आहे. 1859 चं प्रचंड सौरवादळ मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेने नोंदवलं होतं, आणि जगभरचे संशोधक आजही ती नोंद काढून बघतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येऊन नोंदींत अडथळा आणणार म्हणून चुंबकीय वेध अलिबागला हलवले गेले. त्याच परंपरेतली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज पनवेलला आहे. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या इस्रोच्या आदित्य-एल1 या यानावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेने घडवली.

आता वाट. बारावीनंतर लगेच ‘स्पेस’ नाव असलेल्या महागड्या पदवीमागे धावू नका, असं मी आग्रहाने सांगेन. साधी भौतिकशास्त्राची बी.एस्सी. करा, गणित पक्कं असू द्या, पायथन शिकून घ्या. मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात तर वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभागच आहे. त्यानंतर नेट किंवा जेस्ट ही परीक्षा आणि पीएच.डी. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि नियमानुसार घरभाडं मिळतं, म्हणजे संशोधनाच्या काळात मूल घरच्यांवर अवलंबून राहत नाही.

पण कायम नोकरी तिशीच्या आसपास लागते आणि जागा थोड्या असतात, हे पालकांनी आजच मान्य करावं. संशोधनात मन रमलं नाही तर संदेशांचं विश्लेषण, मोठ्या आकडेवारीची हाताळणी आणि संगणकी प्रारूपं ही कौशल्यं उपग्रह कंपन्यांत, हवामान क्षेत्रात किंवा सॉफ्टवेअरमध्ये उपयोगी पडतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्यांनाही उपकरणं घडवण्याच्या बाजूने इथे शिरता येतं.

निर्णय घेण्याआधी एक सुट्टी यासाठी द्या. आदित्य-एल1 ची माहिती इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर, तर चुंबकीय वादळांचे आकडे जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. 10 आणि 11 मे 2024 चे आकडे उतरवून आलेख काढायला सांगा. त्या वादळात लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं होतं. आलेख काढून झाल्यावर मुलगा किंवा मुलगी संगणक बंद करते, की आदल्या महिन्याचे आकडे शोधायला लागते, ते पाहा.