गंजलेला बोल्ट

आमच्या शेजारी गॅरेजमध्ये एक जुनी पद्मिनी गाडी आली. तिच्या मागच्या पाट्यांचा एक बोल्ट बदलायचा होता. नट सहज निघाला, पण बोल्ट जागचा हलेना.

मुंबईची हवा दमट व खारट. तिच्यात लोखंड लवकर गंजते आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे रबरी बुशाच्या आतील नळीत बोल्ट जणू चिकटूनच बसतो.

शागीर्दाने पान्याला लांब पाइप लावला.

"थांब बेटा," उस्ताद म्हणाले, "डोके तुटले तर काम दुप्पट होईल."

"मग गॅसने तापवू?"

"शेजारी पेट्रोलची टाकी आहे, दिसत नाही?"

गाडी घोडीवर टेकवलेली होतीच. (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी शिरू नये.) उस्तादांनी तारेच्या ब्रशने गंज घासला, दोन्ही टोकांना पातळ तेल सोडले आणि चहा मागवला. तेल रात्रभर मुरू दिले.

सकाळी त्यांनी बोल्ट आधी किंचित आवळला, मग सैल केला. असे कितीतरी वेळा! शेवटी आटे बिघडू नयेत म्हणून टोकावर नट चढवून हातोडी मारली. करकर आवाज झाला व बोल्ट सरकला.

नव्या बोल्टला शागीर्दाने न सांगताच ग्रीस लावले.