वृद्धांची औषधे आणि घरातील दक्षता

रत्नागिरी जिल्ह्यात शास्त्री नदी जेथे समुद्रास मिळते, त्या मुखाशी जयगड वसले आहे. किल्ला, दीपगृह, मासेमारी आणि पलीकडील तवसाळकडे जाणारी फेरीबोट ही या गावाची जुनी ओळख. अलीकडच्या काळात तेथे वीजप्रकल्प आणि मोठे बंदरही उभे राहिले. तथापि किनाऱ्यावरील इतर गावांप्रमाणेच येथील अनेक घरांतील कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस चाकरीला जात आली आहेत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या. या आकड्यामागील एक प्रमुख कारण हे स्थलांतरच होय. मागे राहतात ती वृद्ध माणसे, आणि त्यांच्यासोबत फडताळात राहते औषधांची पिशवी.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार व संधिवात यांवरील औषधांनी वृद्धांचे आयुष्य वाढविले आहे, यात शंका नाही. परंतु तीच औषधे चुकीच्या रीतीने घेतली गेल्यास अपाय करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जगभर मोहीम हाती घेतली. तिच्यात एकाच वेळी अनेक औषधे घेणाऱ्या रुग्णांकडे विशेष लक्ष देण्यात आले. असे रुग्ण बहुधा वृद्धच असतात.

वयाबरोबर काय बदलते?

बहुतेक औषधे यकृतात रूपांतर पावून किंवा मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर पडतात. उतारवयात या दोन्ही इंद्रियांची शक्ती घटते. त्यामुळे तरुण माणसास मानवणारी मात्रा वृद्धाच्या शरीरात अधिक काळ साचून राहते. शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी होऊन चरबीचे प्रमाण वाढते. म्हणूनच डायझेपामसारख्या झोपेच्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. पहाटेच्या अंधारात परसाकडे निघालेली वृद्ध व्यक्ती तोल जाऊन पडते, खुब्याचे हाड मोडते, आणि दोष मात्र म्हातारपणास दिला जातो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही एकदम उठून उभे राहताना भोवळ येते. अशा रुग्णाने प्रथम अंथरुणावर उठून बसावे आणि थोड्या वेळाने आधार घेऊन उभे राहावे.

दोन चिठ्ठ्या, एक रुग्ण

कोकणातील वृद्धांच्या बाबतीत एक विशेष अडचण उद्भवते. गणपतीत किंवा मे महिन्यात आलेला मुलगा आईस मुंबईच्या तज्ज्ञाकडे नेतो. तेथील चिठ्ठीप्रमाणे नवी औषधे सुरू होतात. गावी परतल्यावर जुन्या चिठ्ठीची औषधेही चालूच राहतात, कारण ती बंद करावयाची आहेत असे कोणी स्पष्ट सांगितलेले नसते. नावे निराळी असली तरी आतील औषध पुष्कळदा एकच असते. क्रोसिन, कॅल्पॉल आणि डोलो या तिन्ही नावांखाली पॅरासिटामॉल हेच औषध मिळते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही ते मिसळलेले असते. हे ठाऊक नसल्यास दिवसाची मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि यकृतास इजा पोहोचू शकते.

काही औषधे एकमेकांशी जुळत नाहीत. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. रक्तदाबाची विशिष्ट औषधे आणि लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्याने त्यांत वेदनाशामकाची भर घातल्यास मूत्रपिंडे अचानक निकामी होण्याचा धोका असतो. शेजाऱ्यास गुण आला म्हणून त्याची गुडघेदुखीची गोळी घेणे म्हणूनच घातक ठरते. संधिवातावरील मेथोट्रेक्झेट ही गोळी सामान्यतः आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतली गेल्याने जगात अनेक ठिकाणी रुग्ण दगावले आहेत. तिचा वार चिठ्ठीवर व पाकिटावर ठळकपणे लिहून घ्यावा.

घरगुती उपायांबाबतही सावध असणे अगत्याचे आहे. ज्येष्ठमधाचा काढा दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम कमी होते. मधुमेहाच्या गोळीबरोबर कारल्याचा रस घेतल्यास रक्तातील साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. दरदरून घाम, थरथर आणि असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असल्यास त्वरित साखर द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. फिरत्या विक्रेत्यांकडील संधिवाताच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणे उघडकीस आली आहेत. अशा पुड्या घेऊ नयेत. दीर्घकाळ घेतल्या असल्यास एकदम बंद न करता वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवाव्यात.

दमट हवा आणि औषधे

किनाऱ्यावरील हवा औषधांस मानवत नाही. ॲस्पिरिनच्या गोळ्या ओलसर हवेत विघटित होतात व त्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तसा वास आल्यास त्या टाकून द्याव्यात. औषधे चुलीजवळ, न्हाणीघरात किंवा खिडकीच्या उन्हात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी व मुलांच्या हाती न लागतील अशी ठेवावीत. न उघडलेले इन्सुलिन शीतकपाटात २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे, मात्र बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर दापोली व मंडणगड भागांत वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला होता. अशा प्रसंगी मातीच्या भांड्यातील गारवा उपयोगी पडतो, परंतु बाटलीस पाणी लागू देऊ नये. जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहर पुराने वेढले गेले. पुराच्या पाण्यात भिजलेली औषधे, वेष्टन शाबूत दिसले तरी, वापरू नयेत.

गोळ्यांची पट्टी कापताना मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राखावा. मात्रा चुकल्यास पुढील वेळी दुप्पट घेऊ नये. ज्या गोळीच्या नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘एक्सएल’ अशी अक्षरे असतात, ती हळूहळू विरघळण्यासाठी बनविलेली असते. ती कुटून देऊ नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार अनुसूची ‘एच’ मधील औषधे नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पाकिटावरील तांबडी रेघ ही त्याचीच खूण होय.

गावाने काय करावे?

या कामी मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रत्येक वृद्धाच्या औषधांची एकच यादी असावी. तीत औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी व कोणी दिले, एवढे मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे. लिहून देण्याचे काम शाळेतील वरच्या वर्गातील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतील. यादीची तपासणी मात्र डॉक्टर किंवा औषधनिर्माण अधिकारी यांनीच करावी. पुडीत सुट्या गोळ्या मिळाल्यास त्यांचे नाव लिहून मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. आशा कार्यकर्ती गृहभेटीच्या वेळी वृद्धास भोवळ, काळी शौच, पायांस सूज वा नव्याने आलेला गोंधळलेपणा जाणवतो काय, याची विचारपूस करू शकेल. औषधाचा अपाय झाल्याचा संशय आल्यास १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर त्याची नोंद करता येते. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

ग्रामपंचायतीने आरोग्य उपकेंद्राच्या सहकार्याने वर्षातून दोनदा ‘औषध तपासणी दिवस’ ठरवावा. त्या दिवशी वृद्धांनी घरातील सर्व औषधे, काढे व चूर्णेसुद्धा, पिशवीत भरून आणावीत. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नको असलेली औषधे निराळी काढावीत. कोणतेही नेहमीचे औषध त्यांच्या सल्ल्यावाचून बंद करू नये. गणेशोत्सवात विसर्जनानंतर चाकरमानी मुंबईस परतण्यापूर्वीचा एखादा दिवस यासाठी सर्वांत सोयीचा ठरेल. मुलगा, सून, वृद्ध आईवडील आणि गावातील आरोग्य कर्मचारी यांनी तीच यादी एकत्र पाहिली, म्हणजे कोणती गोळी चालू आणि कोणती बंद, याविषयी पुढील वर्षभर घरात संदेह राहणार नाही.