घाट उतरताना ट्रकला कोण आवरते?

मित्रांनो, आपल्या कळव्याजवळच्या मुंब्रा बायपासवरून न्हावा-शेवा बंदराचे अवजड ट्रक ये-जा करतात. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या कसारा घाटातूनही असे ट्रक उतरतात. भरलेल्या ट्रकला उतारावर कोण आवरते? तुम्ही म्हणाल, "ब्रेक!" पण हे उत्तर अर्धेच झाले.

ब्रेक दाबला की लायनर चाकाच्या ड्रमवर घासते. तळहात एकमेकांवर जोरात चोळून पाहा. गरम झाले ना? तसाच ड्रम तापतो. घाटभर ब्रेक दाबून ठेवला तर तो फार तापतो आणि लायनरची पकड सुटू लागते. मग पाय दाबलेलाच असतो, पण गाडी काही थांबत नाही!

म्हणून जाणते ड्रायव्हर उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकतात आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतात. आता इंजिन चाकांना फिरवत नाही, उलट चाकेच इंजिनाला फिरवतात. ते काम जड असते, म्हणून गाडीचा वेग आवरला जातो.

करून पाहा : सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट दाबून दांडा खाली रेटा. जोर लागतो ना? आता दांडा सोडा. तो परत वर येतो. डिझेल इंजिनातही दाबलेली हवा पिस्टनला अशीच परत ढकलते, म्हणून नुसते इंजिन कमी पडते. त्यावर दोन युक्त्या आहेत. पहिली एक्झॉस्ट ब्रेक. यात धुराच्या नळीतली झडप बंद होते आणि पिस्टनला कोंडलेल्या हवेविरुद्ध जोर लावावा लागतो. दुसरीत दाबलेली हवा ऐन वेळी बाहेर सोडतात, म्हणजे ती पिस्टनला परत ढकलत नाही. ही युक्ती अमेरिकेच्या क्लेसी कमिन्स यांची. १९३१ साली काहोन घाटात त्यांच्या ट्रकचे ब्रेक निकामी झाले होते. ते थोडक्यात वाचले. १९६१ पासून हा ब्रेक बाजारात आला.

काहीजण डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात, नाहीतर इंजिनच बंद करतात. पुण्याच्या नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी मोठा अपघात झाला. ट्रक उतारावर इंजिन बंद करून आणल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासात आढळले. खरे तर गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता उतरताना इंजिनाला डिझेल जवळजवळ मिळतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतेच. आणि इंजिन बंद केले तर एअर ब्रेकची हवा भरणेही थांबते!

पालकहो, तुमच्यापैकी कोणी गाडी चालवत असेल तर हा नियम ध्यानात ठेवा : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.