बाक काढण्याआधी

आमची पद्मिनी 1978 सालची, वडिलांच्या हातची. पुढच्या सीटना पट्टे देणं बंधनकारक झालं ते मार्च 1994 नंतर बनलेल्या गाड्यांना, त्यामुळे आमच्यावर सक्ती नव्हती आणि आम्ही त्या सवलतीत खूश होतो. मग एकदा खंबाटकी घाटात पुढच्या ट्रकनं कचकन ब्रेक मारला. मीही मारला, गाडी थांबली. शेजारी बसलेली आई मात्र गुळगुळीत रेक्झिनवरून घसरून थेट डॅशबोर्डवर. कपाळाला टेंगूळ आलं, एवढ्यावरच भागलं.

पुढच्या रविवारी पान्यांची पेटी घेऊन बसलो. बाक काढायचा, भोकं पाडायची, पट्टे आवळायचे, जेवायच्या आत बाक जागेवर. पण बाकाचे बोल्ट गंजून बसलेले. एकाचं डोकं पान्याखाली गोल झालं, दुसरा नुसताच फिरत राहिला. खालचा नट पत्र्यातून सुटला होता. शहाण्याला तो इशारा पुरला असता. मी ग्राइंडर चालवला.

ड्रिल लावलं तर ते बिस्किटात शिरावं तसं शिरलं. मॅटखालचं नमदं कैक पावसाळ्यांचं पाणी धरून बसलं होतं आणि त्याखाली पत्र्याऐवजी तांबूस भुगा. भोकातून वाकून पाहिलं, तर ब्रेक ऑइलची नळी दोन बोटांवर! घाम फुटला तो तेव्हा.

म्हणून सांगतो, बाकाला हात लावण्याआधी गाडीखाली आडवे व्हा. नुसत्या जॅकच्या भरवशावर नको, मजबूत स्टँड लावून. नळ्या आणि केबल कुठून जातात ते खडूनं आखा, पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहा. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. तो कुजलेला असेल तर आधी डेंटर, पट्टे नंतर. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सोडा, नमदं नि मॅट बाहेर काढा, पेट्रोलच्या नळीपासून ठिणगी लांब ठेवा.

भोकाखाली साधा वायसर लावून भागत नाही. झटका बसला की तो पातळ पत्रा फाडून वर येतो. तळहाताएवढी, तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी लावा, कोपरे गोल घासलेली. बोल्ट पट्ट्यासोबत आलेलाच वापरा. बहुतेक पट्ट्यांना तो 7/16 इंची असतो. पेटीत सापडला म्हणून दुसरा कुठला ठोकू नका. मला एका मिस्त्रीनं बक्कल बाकाच्याच सांगाड्याला लावायला सुचवलं होतं. सोपं आहे, पण मग माणसाचा सगळा भार त्या गंजक्या चार बोल्टांवर.

खांद्यावरून येणारा पट्टा उत्तमच, नुसता कमरेचा पट्टा कपाळ वाचवेलच असं नाही. पण दारांमधला खांब आतून पोकळ असतो. तिथे आटे पाडलेली जाड पट्टी आतून वेल्ड करावी लागते, ती मी डेंटरकडूनच करून घेतली. आपोआप गुंडाळणारं रीळ तिरकं बसलं तर पट्टा मध्येच अडकतो. आमचं दोनदा काढून बसवावं लागलं.

आणि बाक ज्या रुळांवर सरकतो त्यांखालचे जुने वायसर जपून ठेवा, कुठला कुठे होता ते लिहून. मी ते कचऱ्यात टाकले. दोन्ही रूळ समांतर राहिले नाहीत आणि बाक सरकेना. पुन्हा सगळं सोडलं.

एका रविवारचं काम पाच आठवडे चाललं. पुढच्या बाकावर पूर्वी तिघं बसायचो. मधल्या जागेला पट्टा नाही, तेव्हा तिथे आता आईची पाण्याची बाटली असते.