पटवून देणारा निबंध

‘शाळेस मोठें क्रीडांगण असावें’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, म्हणजे बहुतेक वह्यांत ‘खेळ हें जीवनाचें अमृत होय’ अशीं वाक्यें आढळतात. वाचणारा मान डोलवितो, पण त्याचें मत तसूभरही हलत नाहीं. तें हलतें पुराव्यानें. आणि पुरावाच खोटा निघाल्यास काय होतें, हें आपल्या करवीरच्या इतिहासांत दिसतें.

आगरकर ‘केसरी’चे व टिळक ‘मराठा’चे संपादक होते. छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याचा मजकूर त्या पत्रांत आला व दिवाण माधवराव बर्वे यांजवर दोषारोप झाला. तळमळ खरी होती, भाषाही धारदार. परंतु ज्या कागदांचा आधार घेतला ते बनावट निघाले. दोघांनीं माफी मागितली, तरी १८८२ सालीं त्यांस चार महिन्यांची शिक्षा होऊन मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. एवढ्या विद्वानांची ही गत, मग आपली काय कथा!

म्हणून लेखणी उचलण्यापूर्वीं ‘हें मला कसें कळलें?’ असें स्वतःस विचारावें. पटांगण पावलांनीं मोजावें. मधल्या सुटींत किती मुलें खेळतात व किती नुसतीं कडेला उभीं राहतात, तें पाहावें. ‘जागा महाग आहे, अभ्यास बुडेल’ हें विरुद्ध पक्षाचें म्हणणेंही प्रामाणिकपणें मांडून मग उत्तर द्यावें. विशेषणें निम्मीं खोडलीं तरी चालतील. शेवटीं, ज्यास क्रीडांगण नकोच आहे अशा मित्रास निबंध वाचून दाखवावा. ज्या वाक्यापाशीं तो ‘कशावरून?’ म्हणेल, तें पुन्हा लिहावें.