इग्वानाचं घर

चि. ओंकार,


तुझं इग्वानाचं पिल्लू देखणं आहे, पण ते माशांच्या काचेच्या टाकीत ठेवलेलं पाहिलं आणि लगेच लिहायला बसलो. आज वीतभर दिसणारा हा जीव तीन-चार वर्षांत शेपटीसकट पाच फुटांच्या आसपास जाईल. शिवाय जात झाडावर राहणारी. सुताराकडून ६ फूट लांब, ३ फूट खोल आणि ६ फूट उंच असा जाळीचा पिंजरा करून घे, आत जाड फांद्या आडव्या बसव. जागेचं वहिनींशी आत्ताच बोल, नंतर भांडणं नकोत.

खरी गोष्ट उबेची. पोटातले जिवाणू पानं आंबवतात तेव्हा त्याला ती पचतात, आणि अंग तापलेलं असेल तरच हे होतं. गारठला की खाल्लेलं तसंच पडून राहतं. म्हणून वरच्या फांदीवर ३५ ते ३७ अंश, खाली सावलीत २६ ते २८, आणि रात्री २३ च्या खाली नको. पुण्यात डिसेंबरातल्या पहाटे काय होतं ते तुला ठाऊक आहे. फ्लोरिडात तर जानेवारी २०२० मध्ये, गारठलेले इग्वाना झाडांवरून पडतील, असा इशारा हवामान खात्यानेच दिला होता!

दिवसा बल्ब, रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर. दोन्ही थर्मोस्टॅटवर, चिनी मातीच्या होल्डरमध्ये आणि जाळीच्या बाहेर. दुकानदार तापणारा दगड गळ्यात मारेल, तो घेऊ नकोस. पोटाला बसणारा चटका या प्राण्याला वेळेवर कळत नाही.

खिडकीतल्या उन्हावरही विसंबू नकोस, हाडांना लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते. माझ्या दवाखान्यात आलेल्या एका इग्वानाचा खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा वाकत होता. मालकाने खाण्यात काही कमी केलं नव्हतं, फक्त यूव्हीबीची ट्यूब लावली नव्हती. ती रोज १२ तास लाव आणि उजेड देत असली तरी वर्षाने बदल.

आणि हो, २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा विदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंदणी लागते. विकणाऱ्याकडून कागद मागून घे.

उद्याच दोन थर्मामीटर आण, एक वर आणि एक खाली लाव. रात्री अकराचे आणि पहाटे पाचचे आकडे मला कळव, मग हीटर किती वॅटचा घ्यायचा ते ठरवू.

तुझा,
काका