जमिनीवरचे वायुसैनिक

हवाई दल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वैमानिक उभा राहतो. परंतु एक विमान आकाशात जावे म्हणून तळावर शेकडो हात राबत असतात. धावपट्टी साफ ठेवणे, रडारवर नजर ठेवणे, इंधन भरणे, इंजिन तपासणे ही सारी कामे संरक्षणाचीच आहेत. धावपट्टीवरचा एक खडा इंजिनात ओढला गेला तरी विमान निकामी होऊ शकते.

भारतीय हवाई दलाच्या सात कमांड आहेत. पाच कमांडकडे प्रत्यक्ष युद्धाची जबाबदारी आहे. बंगळूरुची कमांड प्रशिक्षण देते. सातवी देखभाल कमांड. ती १९५५ मध्ये कानपूरला सुरू झाली. आज तिचे मुख्यालय आपल्या शेजारच्या नागपुरात, वायुसेनानगर येथे आहे. सीमेपासून इतक्या दूर का? तर सुटे भाग आणि कारखाने शत्रूच्या टप्प्यापासून लांब हवेत, आणि देशाच्या मध्यातून चारही दिशांना सामान पोचवता यावे.

एक उदाहरण पाहा. पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० विमाने उडतात. ठरावीक तास उड्डाण झाले की विमान पूर्ण उघडून, भाग तपासून पुन्हा जोडावे लागते. हे काम नाशिकजवळ ओझर येथील ११ क्रमांकाच्या दुरुस्ती डेपोत होते. तेथे पूर्ण दुरुस्त झालेले पहिले सुखोई २०१८ मध्ये हवाई दलाला मिळाले.

आपल्या आदिलाबादलाही हवाई दलाच्या ताब्यातील निजामकाळची धावपट्टी आहे. २०२५ मध्ये तेथून नागरी विमानसेवेस हवाई दलाने संमती दिली. परंतु विमान येण्याची वाट पाहत बसू नये. तयारी आजच करावी.

पालकांनी लक्षात घ्यावे: २०२२ पासून 'अग्निवीरवायू' भरती होते. मुलींनाही संधी आहे. विज्ञान शाखेतून जाणाऱ्यास बारावीत गणित, पदार्थविज्ञान व इंग्रजी हे विषय लागतात. एकूण ५० टक्के आणि इंग्रजीतही ५० टक्के गुण हवेत. सेवा चार वर्षांची असते. पुढे जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम केले जाते. म्हणून हातात एखादे तांत्रिक कौशल्य असणे फार आवश्यक आहे. मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीला भिऊ नये. रोज एक पान वाचले तरी भीती जाते.

स्वाध्याय :
१. देखभाल कमांडचे मुख्यालय कोठे आहे?
२. धावपट्टी स्वच्छ का ठेवावी लागते?
३. घरातील एखादे यंत्र वडीलधाऱ्यांसमवेत उघडून पाहा व त्याच्या भागांची नावे वहीत लिहा.